टाचणीकाकू आणि दोन ब्रेकची गाडी

टाचणीकाकूंना गाडी लागायची. चारचौघांना लागते तशी नाही. लोकांना घाटात लागते, बसच्या मागच्या बाकावर लागते, फार जेवून निघालं तर लागते. काकूंना उभी गाडीसुद्धा लागे. एकदा शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली आणि कौतुकाने म्हणाले, बसून तर बघा. काकू बसल्या, दार लावलं, नव्या सीटचा वास नाकात गेला, आणि काकू ज्या उतरल्या त्या थेट शेजाऱ्यांच्या कुंडीपाशी. त्या कुंडीतलं झाड पुढे भलतंच फोफावलं असं त्यांचे यजमान सांगत, पण यजमानांच्या बोलण्यातलं निम्मंच धरायचं असतं.

टाचणीकाकू हे नाव त्यांना दुकानाने दिलं. कपड्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात त्या कामाला होत्या. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, कोटाचं फाटलेलं अस्तर शिवायचं, पोट सुटलेल्या माणसांच्या कमरा सैल करून द्यायच्या आणि त्यावर गिऱ्हाइकाला एक शब्द बोलायचा नाही. ओठांत चार-सहा टाचण्या धरून त्या बोलत आणि तरी त्यांचं बोलणं सगळ्यांना कळे. लहान मुलं तोंडाकडे बघत राहत. आजवर एकही टाचणी पोटात गेली नाही, आणि गाडीत बसल्यावर पोटातलं काहीच पोटात राहिलं नाही.

त्यामुळे काकूंचं सगळं आयुष्य पायी पोचता येईल एवढ्यातच बसवलेलं होतं. दुकान दोन गल्ल्या सोडून. मुलाची शाळा बघितली ती जवळची, चांगली की वाईट हा पुढचा प्रश्न. नवरासुद्धा मागच्या गल्लीतलाच केला. दुसरं एक स्थळ आलं होतं, मुलगा दिसायला बरा, पगार बरा, पण घर डोंगरापलीकडे. काकूंनी डोंगराकडे बघितलं आणि मागच्या गल्लीला होकार दिला. हे यजमान नळाचं मीटर वाचायचं काम करत, घरोघर पायी फिरत, म्हणून सगळे त्यांना मीटरसाहेब म्हणत. "मला हिने माझ्यासाठी नाही केलं, अंतरासाठी केलं," असं ते पाहुण्यांना सांगायचे. काकू म्हणायच्या, "मग? तेवढंच तर चांगलं होतं तुमच्यात."

डोंगरापलीकडे गेली ती काकूंची ताई. दोघी बहिणींत सहा वर्षांचं अंतर. लहानपणी घरात एकच शिलाई मशीन, हाताने फिरवायचं. ताईने चाक फिरवायचं आणि धाकटीने कापड सरकवायचं. धाकटी सुईकडे टक लावून बसे आणि शिलाई वाकडी जाई. मग ताई ओरडायची, "सुईकडे काय बघतेस? पुढे बघ, कापड जातंय तिकडे." त्या एका मशीनवर दोघींचं शिवण झालं आणि थोडीफार भांडणंही झाली. पुढे ताई लग्न होऊन समुद्राकाठच्या गावात गेली. तिथे तिने होड्यांची आच्छादनं, दुकानांवरचे कापडी आडोसे असलं जाड काम शिवायला घेतलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, पण ताईचं मशीन काही थांबलं नाही.

काकू एकदाच तिच्याकडे जायला निघाल्या होत्या. नव्या लग्नाच्या होत्या तेव्हा. घाटात अर्ध्यावर एक चहाची टपरी आहे, तिथपर्यंत बस पोचली आणि काकूंचं पार पाणी पाणी झालं. ड्रायव्हरने गाडी थांबवली. टपरीसमोरच्या दगडावर काकू बसल्या त्या पुन्हा बसमध्ये चढायलाच तयार होईनात. शेवटी मीटरसाहेब त्यांना हाताला धरून पायीच घाट उतरले. त्या दिवसापासून काकूंनी कानाला खडा लावला. समुद्र त्यांनी बघितला तो कॅलेंडरवर.

घरचे मात्र उपायांत कमी पडले नाहीत. लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं, पोटावर वर्तमानपत्र बांधून झालं. आणि या घराचा एक ठाम नियम होता. काकूंना कुठे न्यायचीच वेळ आली, दवाखान्यात वगैरे, तर त्यांना मागच्या सीटवर बसवायचं, डोक्यावरून टॉवेल टाकायचा, डोळे मिटायला लावायचे आणि सगळ्यांनी मिळून सांगायचं, "बाहेर बघू नकोस, अजिबात बाहेर बघू नकोस." हा नियम कुणी काढला ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याने कधी गुण आला नव्हता, पण नियम चालू होता. आपल्या घरांत असे पुष्कळ नियम चालू असतात.

मग भेट व्हायची कशी? तर ताई यायची. दरवर्षी, न चुकता, डोंगर ओलांडून. दुपारच्या बसने उतरायची, हातात एक पिशवी, चेहऱ्यावर हसू. आल्या आल्या तडक मोरीत जायची, खसाखसा तोंड धुवायची आणि म्हणायची, "जरा पाठ टेकते गं." संध्याकाळी काकूंनी खपून केलेल्या स्वयंपाकाला हात लावायची नाही. "वाटेत बरंच खाल्लं. आता नको." काकूंना थोडा रागच यायचा. एवढं रांधून ठेवलंय आणि ही बाई वाटेत टपऱ्यांवर खात सुटते! पण दुसऱ्या दिवसापासून ताई नीट जेवायची, मग दोघी बहिणींचं बोलणं सुरू व्हायचं ते ताईच्या परतीच्या बसपर्यंत. काकू म्हणायच्या, "तुझं बरं आहे बाई. पोट आहे की लोखंडाचा डबा? मला घाट नुसता आठवला तरी मळमळतं." ताई हसायची आणि समुद्राच्या गोष्टी सांगायची.

असं पस्तीस वर्षं चाललं. मग एका सकाळी दुकानात फोन आला. ताई घराच्या पायरीवरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन घरातल्या घरात हिंडत होती. तिने आधी कळवलं नव्हतं, कारण "तू काय केलं असतंस? येता तर आलं नसतं." ती हे चिडून नाही म्हणाली, सरळ म्हणाली, म्हणून काकूंना जास्त लागलं. पुढे ताई म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, बसचा प्रवास आता विसरा. यंदा माझं येणं व्हायचं नाही गं. पुढचंही काही सांगता येत नाही."

फोन ठेवून काकू मशीनवर बसल्या आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय खालून शिवून बंद करून टाकला. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. उसवताना त्यांच्या लक्षात आलं की हिशेब अगदी सोपा आहे. ताई डोंगर ओलांडू शकत नाही. आता एक तर आपण ओलांडायचा, नाहीतर फोनवर बोलत म्हातारं व्हायचं. काकू रडल्या. टाचण्या आधी काढून ठेवल्या आणि मग रडल्या.

घरी हे ऐकल्यावर मुलगा म्हणाला, गोळी देऊन झोपवू आणि नेऊ. मीटरसाहेब म्हणाले, मी तिला पुन्हा पायी नेतो, फक्त या खेपेला वर चढून पलीकडे उतरायचं. सूनबाई सगळ्यांचं ऐकून घेत होती. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून, लोकांनी दाबायला विसरलेला ब्रेक दाबायचा, हे तिचं काम. शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक शिकवणाऱ्याच्या. सगळे बोलून दमल्यावर ती म्हणाली, "आई, तुम्हाला गाडी लागते ती मागे बसून, डोळे मिटून. माझ्याकडे मागच्या सीटवर हिरवीपिवळी होणारी माणसं येतात. स्टिअरिंगवर बसली की त्यांना काही होत नाही. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही."

"म्हणजे?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही चालवा."

मीटरसाहेबांना ठसका लागला. मुलगा आईकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघत राहिला. आधी सूनबाईने काकूंना पुढच्या सीटवर बसवून पुलापर्यंत नेऊन पाहिलं. टॉवेल नाही, डोळे उघडे. थोडा फरक पडला, पण पुलाच्या वळणावर थांबावं लागलंच. मग बाजारामागच्या रिकाम्या मैदानात तिने काकूंना स्टिअरिंगवर बसवलं. काकूंनी सवयीने ओठांत टाचण्या धरल्या होत्या, त्या सूनबाईने एकेक करून काढून घेतल्या. गाडी हलली. काकूंची पाचावर धारण बसली, हात घामाने निसटायला लागले, सूनबाईने तीन वेळा आपला ब्रेक दाबला. मैदानाला फेरी झाली. गाडी थांबली तेव्हा काकूंनी पोटावर हात ठेवला आणि वाट बघत बसल्या. काही झालं नाही. आणखी थोडी वाट बघितली. तरी काही नाही.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "एवढंच होतं?"

एवढंच नव्हतं. छप्पन्नाव्या वर्षी गाडी शिकणं म्हणजे खेळ नाही. पण क्लच हा शब्द काकूंच्या जिभेला जड गेला तरी पायाला जड गेला नाही. मशीनचं पेडल किती दाबायचं आणि किती सोडायचं हे त्यांच्या घोट्याला ठाऊक होतं. लायसन्सच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या त्याचं कारणही त्यांच्या स्वभावातलंच. गाडी मागे घेताना खुणेसाठी ठेवलेल्या एका शंकूला धक्का लागून तो आडवा झाला. काकूंनी गाडी बंद केली, खाली उतरल्या, शंकू उचलला, रुमालाने पुसला आणि जागेवर ठेवून पुन्हा येऊन बसल्या. परीक्षक म्हणाले, "बाई, परीक्षेत उतरायचं नसतं." काकू म्हणाल्या, "मग तो तसाच पडून राहू द्यायचा?" दुसऱ्या खेपेला पास झाल्या. शंकूला धक्का लागला नाही, नाहीतर पुन्हा उतरल्या असत्या यात मला शंका नाही.

गाडी स्कूलचीच मिळाली. मालकांची एकच अट होती, टपावरचा फलक काढायचा नाही, कारण तो पक्का बसवलेला होता. तेव्हा टपावर "येथे गाडी शिकवली जाते" अशी पाटी, मागे मोठ्या अक्षरांत "शिकाऊ चालक", आत स्टिअरिंगवर टाचणीकाकू, असं ते कुटुंब एका सकाळी निघालं. डब्यात पोळ्या होत्या, बाटल्यांत पाणी होतं, आणि मीटरसाहेबांनी गुपचूप कप्प्यात लिंबं आणि टॉवेल ठेवला होता.

पुढच्या सीटवर बसण्याचा हट्टही मीटरसाहेबांनीच केला. गुडघे आखडतात म्हणे. सपाट रस्ता आहे तोवर बसा, घाटात मी पुढे येईन, असं सूनबाई म्हणाली. रस्ता रुंद, दोन्ही बाजूंना शेतं, समोर दूरवर डोंगरांची निळी ओळ. काकू बऱ्या चालवत होत्या. पण थोड्या वेळाने गाडी मध्येच अडायला लागली. समोर सायकलवाला दिसला, गाडी अडली. दूर पलीकडे ट्रक दिसला, गाडी अडली. एका गायीने नुसती मान वळवली आणि गाडी जागच्या जागी उभी. मागून भोंगे वाजले. एक जण खिडकीतून ओरडला, "शिकून मग या रस्त्यावर!"

काकूंचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी गाडी कडेला घेतली. "मला नाही जमत," त्या म्हणाल्या. "मी ब्रेक दाबतच नाहीये आणि गाडी थांबतेय. माझ्या हातून काहीतरी चुकतंय आणि मला कळतही नाहीये. घाटात असं झालं तर? चला मागे."

सूनबाई मागच्या सीटवरून पुढे वाकली, खाली बघितलं आणि म्हणाली, "बाबा, पाय."

मीटरसाहेबांचा उजवा बूट दुसऱ्या ब्रेकवर घट्ट रोवलेला होता.

"मी नाही दाबला," मीटरसाहेब म्हणाले. "म्हणजे मुद्दाम नाही. ती गाय वळली ना, तेव्हा आपोआप—"

"गाय शेतात होती, बाबा!" मुलगा म्हणाला.

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. आधी राग आला, तो चांगला पायापासून डोक्यापर्यंत आला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण चुकत नव्हतो, आणि मग हसू आलं ते थांबेना. "लग्न झाल्यापासून हेच करताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि मला वाटायचं माझ्यातच काही कमी आहे. व्हा मागे." मीटरसाहेब आपला डबा आणि आपली लिंबं घेऊन निमूट मागे गेले.

घाट लागला. सूनबाई आता पुढे होती, पाय दुसऱ्या ब्रेकपाशी तयार ठेवून. पहिल्या वळणाला काकूंचे दात आवळले गेले. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला झाडांचे शेंडे, आणि शेंड्यांच्या खाली काय आहे ते न बघितलेलंच बरं. काकूंची नजर बॉनेटवर खिळली आणि गाडी कडेला ओढली जाऊ लागली. त्याच क्षणी त्यांना तो जुना ओरडा आठवला. सुईकडे काय बघतेस, पुढे बघ. त्यांनी मान वर केली आणि वळण जिथे संपतं तिकडे बघितलं. गाडी आपोआप तिकडे गेली, शिलाई सरळ जावी तशी. दुसरं वळण त्याहून सोपं गेलं. तिसऱ्या वळणानंतर सूनबाईने पाय ब्रेकवरून काढून चपलेत घातला, हे काकूंनी बघितलं.

मागून मात्र आवाज आला, "जरा थांबवता का?"

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. हा मुलगा जन्मभर मोटरसायकलवर हिंडलेला, किंवा कुणाच्या गाडीत बसला तर पुढे. घाटात मागच्या सीटवर बसायची ही त्याची पहिलीच वेळ. टपरी जवळच होती. तीच टपरी, पत्रा नवा, समोरचा दगड तोच. मुलगा धावत दगडामागे गेला. मीटरसाहेब टॉवेल आणि लिंबू घेऊन त्याच्यामागे गेले, आणि आपण एवढं सामान आणलं ते वाया गेलं नाही म्हणून त्यांना थोडं बरंही वाटलं असणार.

"रक्तातच आहे म्हणायचं," सूनबाई म्हणाली.

काकू दगडावर बसल्या. इथेच त्या एकदा बसल्या होत्या आणि पुढे जायचं नाही म्हणून हटून बसल्या होत्या. तेव्हा पलीकडे ताई बस थांब्यावर संध्याकाळपर्यंत उभी होती, हे नंतर पत्रातून कळलं होतं. काकूंना पोटात काहीतरी जाणवलं. त्या घाबरल्या. मग त्यांना कळलं की ही मळमळ नव्हे, ही भूक आहे. प्रवासात भूक लागते ही गोष्ट त्यांनी फक्त लोकांकडून ऐकली होती. त्यांनी चहा मागवला, दोन पोळ्या खाल्ल्या, पुन्हा चहा मागवला. टपरीवाल्याने बिस्किटं पुढे केली, तीही खाल्ली. मीटरसाहेब लांबून बघत होते. त्यांचे डोळे भरून आले, पण त्यांनी ते लिंबाच्या नावावर खपवलं.

निघताना सूनबाईने नवऱ्याला पुढे बसवलं. "आणि मांडी घालून बसायचं," ती म्हणाली. "पाय खाली सोडला तर मागे पाठवीन."

"मग दुसऱ्या ब्रेकवर कोण?" काकूंनी विचारलं.

"कोणी नाही. आई, तुम्हाला आता त्याची गरज नाही."

घाटमाथा ओलांडला आणि उतार सुरू झाला. एका वळणानंतर गाडीत एकदम गलका झाला. "समुद्र! आई, समुद्र! अगं, डावीकडे बघ!"

"कुणी मला काही दाखवू नका!" काकू ओरडल्या. "मी वळणात आहे!"

पुढे रस्ता रुंद झाला तिथे त्यांनी गाडी नीट थांबवली, हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली आणि मगच मान वळवली. खाली सगळं पाणीच पाणी होतं, आणि उन्हाने त्याच्याकडे नीट बघवत नव्हतं. काठाने रस्ता गेला होता आणि रस्त्याच्या टोकाला घरांचा पुंजका दिसत होता. काकूंनी डोळ्यांवर आडवा हात धरला. मग म्हणाल्या, "ताई एवढं सगळं सोडून आमच्या त्या खोलीत येऊन बसायची." मीटरसाहेब हळूच म्हणाले, "याला मीटर बसवायचं तर केवढं लागेल गं?" काकूंनी मागे हात नेऊन त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

ताईला येतोय एवढंच कळवलं होतं, गाडी कोण चालवतंय ते नाही. ती दारात काठी टेकून उभी होती. गाडीचा आवाज ऐकून ती फाटकापर्यंत आली. टपावरची पाटी वाचून तिने भुवया चढवल्या, आणि बहीण मागेच असणार म्हणून मागच्या सीटचं दार उघडलं. आत मीटरसाहेब आणि सूनबाई. तिने टॉवेल उचलून खाली बघितलं. "अरे, ती कुठाय?" तिने विचारलं. "वाटेत उतरली का पुन्हा?"

पुढचं दार उघडून काकू बाहेर आल्या. किल्ली हातात. ताईने बहिणीकडे बघितलं, किल्लीकडे बघितलं, स्टिअरिंगमागच्या रिकाम्या सीटकडे बघितलं, आणि काठी टाकून दिली. ती पडलीच असती, पण काकूंनी तिला धरलं. दोघी फाटकात उभ्या राहून रडल्या, आणि बाकीचे तिघे सामान उतरवण्याचं नाटक करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू ताईला म्हणाल्या, "चल, तुला काठाकाठाने फिरवून आणते. पडल्यापासून तू समुद्रावर गेली नाहीस ना?"

ताई आढेवेढे घ्यायला लागली. घरात काम आहे. ऊन होईल. खुबा दुखतो. डॉक्टर काय म्हणतील. काकूंनी सगळी कारणं झटकून टाकली. शेवटी ताई हळूहळू चालत गाडीपाशी आली, मागचं दार उघडलं आणि खिडकीशी बसली. बाकी कुणाला काकूंनी घेतलंच नाही. गाडी सुरू करण्याआधी त्यांनी आरशात बघितलं.

ताईने झग्याच्या खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली होती. घडी घातलेली, कडा मऊ झालेल्या. ती तिने मांडीवर पसरली. दुसऱ्या खिशातून लिंबू काढलं, नखाने त्याची साल ओरबाडली, नाकाशी धरलं आणि डोळे मिटून घेतले. हे सगळं तिने इतक्या सराईतपणे केलं की काकूंना बघवेना.

"ताई," काकू म्हणाल्या.

ताईने डोळे उघडले. आरशात दोघींची नजरानजर झाली.

"तुलाही?"

"चल गं, काही नाही. घे गाडी."

"ताई, कधीपासून?"

ताईने लिंबू खाली घेतलं. "माझ्या लग्नाच्या गाडीपासून. तुला काय वाटलं, एका आईच्या दोन मुली आणि गाडी एकटीलाच लागेल?"

"मग तू दरवर्षी... तो घाट? जाताना आणि येताना?"

"ठराविक वळणं असतात. ती गेली की बरं वाटतं."

काकूंना एकामागून एक सगळं आठवत गेलं. मोरीत खसाखसा धुतलेलं तोंड. जरा पाठ टेकते गं. वाटेत बरंच खाल्लं. आणि आपण रागावलो होतो. लोखंडाचा डबा म्हणालो होतो. त्यांना स्वतःचा इतका राग आला की त्या मागे वळून बहिणीवरच ओरडल्या. "सांगितलं का नाहीस? पस्तीस वर्षं! एकदा तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ताई, नको येऊस." ताईने पिशवीची घडी घातली. "आणि मी ऐकलं असतं. मलाही कुठे यायला आवडत होतं त्या बसने? मग तू तिकडे लिंबू हुंगत बसली असतीस आणि मी इकडे. मला तुला बघायचं होतं गं."

काकू गाडीतून उतरल्या. गाडीला वळसा घालून आल्या, मागचं दार उघडलं, हात देऊन ताईला उठवलं, पुढच्या सीटवर बसवलं, तिचा खुबा दुखू नये म्हणून पाठीशी उशी सारली आणि पट्टा स्वतः लावला. लिंबू आणि पिशवी काढून घेऊन मागच्या सीटवर टाकून दिली. काकूंना बहिणीवर कधी असा हुकूम चालवता आला नव्हता.

"पायाशी ब्रेक आहे, त्याच्यावर पाय ठेवायचा नाही," स्टिअरिंगवर बसत काकू म्हणाल्या. "खाली बघायचं नाही. डोळे मिटायचे नाहीत. पुढे बघ, रस्ता जातोय तिकडे."

"हे मी तुला शिकवलं होतं," ताई म्हणाली.

"हो. बघ मग."

काकूंनी गाडी हळू घेतली. रस्ता पाण्याच्या अगदी कडेने जात होता, वळणं मोठी आणि सावकाश होती. ताईने सुरुवातीला दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. पहिल्या वळणाला तिने श्वास रोखला, दुसऱ्या वळणाला सोडला. मग तिचा हात सुटला आणि तिने खिडकीची काच खाली केली. काकू तिच्याकडे बघत नव्हत्या, रस्त्याकडे बघत होत्या, पण त्यांचा सगळा जीव डावीकडे लागला होता. गाव मागे पडलं. होड्या मागे पडल्या. दीपस्तंभ आला आणि तोही मागे गेला. ताई रस्त्याकडेच बघत होती. काकूंना शेवटी राहवेना.

"ताई? बरं वाटतंय ना? थांबवू का?"

ताईने पोटावर हात ठेवला. जरा वेळ तशीच बसली, आत काय चाललंय त्याचा अंदाज घेत.

"अगं," ती नवल वाटून म्हणाली, "मला भूक लागलीय."